अर्ध्या चेहऱ्याचे स्नायू

लढाईच्या आधीची गोष्ट. आमगावला आमचा दवाखाना होता. डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, रोगी पाहायचे आणि बाकीचं सगळं माझ्याकडे असायचं: बाटल्या धुणं, पट्ट्या उकळणं, कापूस, टिंक्चर, रॉकेल, कोणता डबा कोणत्या फळीवर. त्या वर्षी आसपासच्या शाळांतल्या मास्तरांना प्रथमोपचार शिकवायचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं आणि माझ्या कामांत एक भर पडली. स्नायू.

डॉक्टरांचं शिक्षण इंग्रजीत झालेलं. त्यांच्या जाड पुस्तकातली स्नायूंची नावं तर इंग्रजीही नव्हती, लॅटिन होती. ती मास्तरांपुढे म्हणून दाखवली असती तर त्यांनी आदराने मान डोलावली असती आणि घरी पोचेपर्यंत विसरून गेले असते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "याद्या तू करतेसच. मला यांची मराठी नावं करून दे. संस्कृतचे डोंगर नकोत. ओसरीवरच्या माणसाला कळली पाहिजेत."

मी एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात पुस्तकातलं नाव, दुसऱ्यात मी केलेलं मराठी, तिसऱ्यात ओसरीवर रोग्यांच्या तोंडून रोज कानावर पडणारं. तिसरा रकाना आधी भरला. पोटरीला इकडे पिंडरी म्हणतात. पिंडरीत गोळा येतो, कमरेत उसण भरते, मान धरते, हात आखडतो, पाय मुरगळला की मोच येते आणि अंगाचा एखादा भाग हलेनासा झाला की तो लकवा. 'शीर' मात्र लोक कशालाही म्हणत. रक्ताची नळी ही शीर, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी हीही शीर आणि मेंदूतून स्नायूपर्यंत हुकूम नेणारा तंतू हीसुद्धा शीरच. मी त्यांचे तीन वेगळे शब्द ठरवून टाकले आणि पुढे गेले.

दुसऱ्या रकान्यात माझा वेग कमी झाला. मांडीवरून तिरपा उतरणारा एक लांबच लांब स्नायू आहे. लॅटिनमध्ये त्याला शिंप्याचा स्नायू म्हणतात, कारण शिंप्यासारखी मांडी घालून बसायला तो लागतो. गालात एक आहे, तो तुतारी फुंकणाऱ्याचा. कधीतरी कुणीतरी मेलेल्या माणसाची कातडी बाजूला सारून आत पाहिलं आणि त्याला शिंपी आठवला, तुतारीवाला आठवला. मी जन्मभर मांडी घालून बसत आले होते. त्या दिवशी पाटावर बसताना पहिल्यांदा मांडीवर हात ठेवला आणि आत काहीतरी सरकलं ते जाणवलं. भात करपेपर्यंत मी तशीच बसून उठून पाहत होते.

चेहऱ्यापाशी आले तेव्हा तर थक्कच झाले. पुस्तकातलं एक अतिशय लांब नाव एका चिमुकल्या स्नायूला दिलेलं होतं: लेव्हेटर लॅबिआय सुपिरिओरिस अलीक्वी नेझाय. नाकाच्या कडेने उतरणारी नुसती एक पट्टी, भाताच्या पात्याच्या टोकासारखी. तिचं काम काय, तर नाकपुडी फुगवायची आणि वरचा ओठ उचलायचा. मी लिहिलं, 'नाक मुरडणारा'. त्याखाली 'आठ्या घालणारा', 'भिवई आवळणारा', 'डोळा मिटणारा', 'हसवणारा', 'ओठाचा कोपरा पाडणारा', 'हनुवटी गोळा करणारा'. कागद भिंतीला लावला. दसरा होऊन गेला होता.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं.

माणूस पस्तिशीच्या आतबाहेरचा, कोसभर अंतरावरच्या गावचा, घरचं थोडं धान. पण त्याची ओळख धानावरून नव्हती. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते आणि मंडईत भरदिवसा दंडार होते: ढोलकी, टाळ, नाच, गाणं आणि एखादी गोष्ट. दंडारीत बायका नसतात. पुरुषच लुगडं नेसून बाई होतो. हा त्यांच्या दंडारीतली बाई होता, कित्येक वर्षांपासून. नवऱ्याने टाकलेली बाई घागर घेऊन उभी राहते आणि रडते, एवढा एक प्रसंग पाहायला लोक देवरीकडच्या जंगलातून बैलगाड्या जुंपून येत, असं मी ऐकून होते.

त्याचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं. उजव्या गालावर फोड आलेले, त्यांतून पाणी सुटलेलं.

"डॉक्टरसायेब, यायचं तोंड पाहा," बायको म्हणाली. "परवा सकारी चूळ भराले गेले, तं पानी आपोआप तोंडातून गरून रायलं. हसतेत तं असे. बोलतेत तं असे. माय वं, मी तं भेलीच."

"आणि हे फोड कशाचे?"

तिने मान खाली घातली. "बिब्बा लावला."

"कुणी?"

"मीच लावला. जिकडे तोंड वाकडं झालं तिकडे लावतेत आमच्याकडे. सारेच लावतेत."

डॉक्टरांनी त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं. हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, मूठ आवळायला लावली. सगळं ठीक. मग म्हणाले, "भिवया वर करा."

उजवी भिवई वर गेली, उजव्या कपाळावर आठ्या आल्या. डावं कपाळ कोऱ्या पाटीसारखं.

"डोळे मिटा."

उजवा मिटला. डावा मिटेना. पापणी उघडीच राहिली आणि आतलं बुबुळ मात्र वर सरकून गेलं, नुसता पांढरा डोळा उरला. बायकोने तोंडावर पदर घेतला.

"घाबरू नका. डोळा मिटायला निघालं की बुबुळ सगळ्यांचंच वर जातं. तुमचंही आणि माझंही. पापणी झाकते म्हणून दिसत नाही." मग डॉक्टरांनी फोड आलेल्या गालाकडे बोट केलं. "हा गाल आजारी नाही." आणि दुसऱ्याकडे. "हा आहे."

माणूस गोंधळला. 'प' आणि 'ब' म्हणताना त्याच्या ओठांतून हवा निसटत होती. "सायेब, हा तं साजरा दिसून रायला. वाकडा तं थो हाय."

"दोघं जण दोन टोकांनी दोरी ओढताहेत. डावीकडच्याने हातातली दोरी सोडून दिली. मधली गाठ कुणीकडे जाईल?"

"उजव्याकडे."

"मग मार कुणाला द्यायचा?"

बायको क्षणभर त्या दोन गालांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे जो काम करून रायला होता, त्यालेच मी भाजलं."

मी तेव्हा कापूस घेऊन उजवा गाल पुसत होते, म्हणून दोन्ही गाल मला अगदी जवळून दिसले. ती म्हणाली तसंच होतं. आणि डावा गाल खरंच सुंदर होता. एक सुरकुती नाही, नाकाकडून ओठाकडे जाणारी रेघ नाही, डोळ्याच्या कडेला पंखासारख्या फुटणाऱ्या रेघा नाहीत. वीस वर्षांच्या मुलाचा असावा असा. आपण ज्याला वय म्हणतो, स्वभाव म्हणतो, ते सगळं या पट्ट्यांचं ओढणं आहे हे मी कागदावर लिहून बसले होते, पण मला ते कळलं त्या क्षणी. ओढणं थांबलं की चेहऱ्यावरचा माणूसच निघून जातो. उरतं ते फक्त साजरं.

डॉक्टरांनी समजावलं. अंगावरून वारं गेलेलं नाही, चेहऱ्याच्या एका बाजूच्या स्नायूंना हुकूम देणारा तंतू कानामागे सुजला आहे. बहुतेकांचं परत येतं. काहींचं थोडं राहून जातं.

"मंडईलोक येईन का, सायेब?"

"ते मी सांगू शकत नाही."

मंडईपर्यंत चेहरा परत येईल का, त्याने विचारलं ते एवढंच. डोळ्याचं विचारलं नाही, जेवताना गालात घास अडकतो त्याचंही नाही.

उपाय साधेच होते. शेक, डोळ्यात तेलाचा थेंब आणि झोपताना डोळ्यावर पट्टी, ओठाचा कोपरा उचलून धरायला गालावर चिकटपट्टी. आणि आरशापुढे बसून स्नायूंची मेहनत. डॉक्टर मला म्हणाले, "तुझा तक्ता आहेच भिंतीवर. वरून खाली एकेक करून घे."

मग रोज सकाळी ती दोघं चालत यायची. ओसरीवर मी आरसा लावायची, तो समोर बसायचा, बायको त्याच्या डाव्या अंगाला. मी वाचायची: आठ्या घाला. भिवया आवळा. नाक मुरडा. गाल फुगवा. तो करायचा. उजवीकडे सगळं व्हायचं, डावीकडे काहीच नाही. गाल फुगवला की डावीकडून फुस्स.

"तुतारी फुटली," बायको म्हणायची.

"तू फुंक मंग," तो म्हणायचा.

एका सकाळी मी 'ओठाचा कोपरा पाडणारा' वाचलं आणि म्हटलं, "हा रडण्याचा."

तो म्हणाला, "कोनतं रडणं, बाई?"

"रडणं म्हणजे रडणं."

"तसं नसते. सासरी निघाली थे पोरगी रडते, नवऱ्यानं मारलं थे रडते, शेजारीन मेली म्हून चार लोकांत रडा लागते थे बी रडते. सारे वेगळे."

आणि त्याने करून दाखवलं. अर्ध्याच चेहऱ्याने. सासरी निघालेलीची हनुवटी आधी गोळा झाली आणि भिवई नंतर आवळली. मार खाल्लेलीचा डोळा पहिल्यांदा मिटला आणि ओठ हललाच नाही. लोकांत रडणारीचा ओठ भराभर खाली गेला आणि कपाळ मोकळं राहिलं. मी भिंतीकडे वळून तक्ता पाहिला. तिन्हींत स्नायू तेच होते, चार किंवा पाच. कोण आधी, कोण मागून, कोण गप्प, एवढाच फरक. मी नुसती मुळाक्षरं लिहून ठेवली होती.

"हे शिकलात कुठे?"

"विहिरीवर. बाजारात. बाया दिसल्या का पाहत राह्यतो. हिनं किती डाव शिव्या घातल्या त्याच्यापायी." मग म्हणाला, "तुमाले बी पाहत असतो, बाई. तुमी फळीवरचे डबे मोजता ना, एकादा डबा कमी दिसला का तुमचं नाक असं होते."

त्याने उजवी नाकपुडी किंचित उचलली आणि ती मीच होते. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आवरेना. माझ्या चेहऱ्यावर तो स्नायू आहे आणि माझ्या नकळत रोज कामाला लागतो, हे मला लॅटिन पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली तेव्हा दंडारीचा म्होरक्या आला. पांढऱ्या मिशांचा म्हातारा, ढोलकी तोच वाजवायचा. ओसरीवर उभ्या उभ्याच त्याने चेहरा पाहिला, हनुवटी धरून उजेडाकडे फिरवला, बैल पारखावा तसा.

"नाई जमत," तो म्हणाला. "माह्या भाच्याले लुगडं नेसवून तालमीले उभा केला मी."

"थांबा ना थोडं, मालक," आमचा रोगी म्हणाला.

"काऊन थांबू? लोक दुरून येतेत. अर्धी बाई पाहाले येतेत का?"

बायको पट्टीची घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं तं आख्खं तोंड हाय, मामाजी. कोनी गाडी जुंपून पाहाले आलं का आजलोक?"

म्हातारा खो खो हसला. पण ठरवलं होतं त्यातलं त्याने फार काही सोडलं नाही. "भाऊबीज होऊ दे. मंडईच्या दिशी दंडार दोन डाव होते. पहिल्या पारीले तू उभा राह्य. रडणं जमलं तं तुझं. लोक हसले, तं दुसऱ्या पारीले भाचा, आन मंग दरसाल भाचाच."

तो गेल्यावर त्या माणसाने आरसा स्वतःकडे ओढून घेतला. मी सांगायच्या आधीच भिवया आवळायला लागला.

पहिली हालचाल झाली ती मात्र मेहनत करताना नाही. मी पट्ट्या उकळायला ठेवल्या होत्या आणि कार्बोलिकच्या बाटलीचं बूच काढलं. तो भपका ओसरीवर गेला. त्याने नाक मुरडलं.

"हाललं!" बायको ओरडली. "इकडचं हाललं!"

"उगीच ओरडू नको."

"माह्या डोऱ्यानं पाह्यलं. बाई, आना थे बाटली."

मी बाटली त्याच्या नाकाशी नेली. आम्ही दोघी त्याच्या डाव्या गालापाशी वाकलो. आधी काही नाही. मग नाकाच्या कडेला, कातडीखाली, फडफड झाली. पाण्यावर किडा उतरावा एवढी. नाकपुडी जरा उचलली आणि परत बसली. मी डॉक्टरांना हाक मारली. ते हात पुसत आले, त्यांनी पाहिलं. त्यांनी कितीतरी बाळंतपणं पाहिली होती, मरणंही पाहिली होती, पण तेही आमच्याबरोबर वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "आणखी एकदा."

"आता तुमी सांगा," तो मला म्हणाला. "बाटली नको. तुमी वाचा."

मी वाचलं, "नाक मुरडणारा." त्याने डोळे आरशात रोवले. कपाळावर घाम आला. बराच वेळ काही झालं नाही. मग फडफड.

इतके दिवस मी फक्त काय कशाला म्हणतात ते लिहीत होते. हुकूम आतून निघतो, कानामागच्या बोळातून जातो, एका चिंचोळ्या पट्टीला पोचतो आणि ती पट्टी त्याचं ऐकते, हे डोळ्यांनी पाहायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. आपण दिवसभरात किती वेळा हसतो, रुसतो, डोळे मिटतो, आणि प्रत्येक वेळी हे असंच होत असतं. मी बूच लावायला विसरले. दवाखानाभर कार्बोलिकचा वास झाला.

त्यानंतर डोळ्याची पापणी हळूहळू खाली यायला लागली. ओठाचा कोपरा जागा झाला, पण झोपेतून उठल्यासारखा, उजव्याच्या मागून. कपाळ मात्र कोरंच राहिलं.

मंडईला आम्ही बैलगाडीने गेलो. गावच्या आखरावर, म्हणजे सकाळी गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर, माणसांचं रिंगण धरलं होतं. बांगड्यांची दुकानं, जिलेब्यांच्या कढया, बाजूच्या शेतांत कापलेल्या हलक्या धानाच्या पेंढ्या. दुपारचं ऊन. बायको आमच्याशेजारी बसली. भाचा लुगडं नेसून, तयार होऊन, गाडीच्या चाकाला टेकून उभा होता.

आमचा रोगी लुगडं नेसून, घागर घेऊन रिंगणात आला आणि पहिल्याच गाण्यात कुणीतरी ओरडलं, "अवं बाई, तोंड सिधं कर!"

घागर कमरेवर सावरत तो तिकडे वळला. "नवरा त्या बाजूले गेला नाजी," तो बाईच्या आवाजात म्हणाला, "तोंड बी तिकडेच पाहून रायलं!"

हशा पिकला. म्होरक्याने ढोलकीवर थाप मारली, पण माझं लक्ष त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे होतं. तो हसला नाही. हसू मिळवणं ठीक होतं, पण हिशेब रडण्यावर ठरला होता.

मग तो प्रसंग आला. नवरा गेलेला आहे, घागर भरलेली आहे, घरी जायचं कुणाकडे? ढोलकी थांबली. त्याने घागर खाली ठेवली. उजवी भिवई आवळली, उजव्या ओठाचा कोपरा खाली गेला, हनुवटी गोळा झाली. डावा गाल तसाच होता. मी पदर मुठीत धरला. आणि मग डावीकडे रडू आलं. धानाच्या वरच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी खालच्या बांधीत उतरायला वेळ लागतो, तसं ते उजवीकडून डावीकडे उतरत आलं. आधी नाकाची कड, मग ओठ, मग डोळा. रडू एखाद्या चेहऱ्यावर येताना मी त्याच्या आधी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला आलेलंच दिसतं.

रिंगणात आवाज नव्हता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आनखी एक डाव!" आणि मग सगळेच.

डॉक्टरांनी लांबूनच मान हलवली: नको. दमलेला स्नायू दुसऱ्यांदा ऐकत नाही. त्याने ते पाहिलं, मला खात्री आहे. पण घागर उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

उजवी बाजू रडली. डावी आलीच नाही. मी थांबले, तो थांबला, गाल दगडासारखा स्वस्थ. चेहऱ्याचा एक भाग फुटून रडत होता आणि दुसरा भाग, तो साजरा, तरुण, कोरा भाग, नुसता समोर पाहत होता. जणू त्याला अजून कळवलंच नव्हतं कुणी.

"नाई आला," बायको माझ्या कानाशी म्हणाली.

आमच्या मागे एक म्हातारी हुंदके द्यायला लागली. मग तिच्या पलीकडची. तंबाखू मळणाऱ्या माणसांचे हात थांबले. पहिल्यांदा रडू दोन्ही गालांवर आलं तेव्हा लोक गप्प झाले होते. या वेळी ते उघड रडत होते. मला तक्त्यातला प्रत्येक शब्द पाठ होता, कोणता स्नायू चालला आणि कोणता नाही हे मी बोट ठेवून सांगू शकले असते. त्या न चाललेल्या गालाने एवढ्या माणसांना कसं रडवलं, ते मला सांगता आलं नसतं. डॉक्टरांकडे पाहिलं. तेही चष्मा काढून पुसत होते.

ढोलकी गळ्यात तशीच लटकलेली ठेवून म्होरक्या गाडीपाशी गेला आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लुगडं सोड बापा. जा, जिलेबी खा."